पाच म्हणेपर्यंत

चाचणी अकराला होती आणि पावणेअकरालाच त्या चाचणीवाल्या मॅडमशी माझं वाजलं. त्या म्हणाल्या, "सोबतच्या माणसांनी बाहेर थांबायचं."

मी म्हटलं, "पोर पाच वर्षांची आहे, मॅडम. तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय. मी नसले तर ती तोंडातून ब्र काढायची नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाला धरून उभ्या असलेल्या मुंगीकडे पाहिलं आणि मागच्या भिंतीकडे हात केला. "बसा तिथे. पण बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, जागेवरून उठायचं नाही. काही केलंत तर चाचणी बाद."

मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. माझी जीभ कशी आहे ते सगळ्या वीटभट्टीला ठाऊक आहे. मुकादमसुद्धा माझ्याशी बोलायच्या आधी दोनदा खाकरतो. पण गरज माझी होती, म्हणून मुकाट जाऊन बसले.

मुंगी म्हणजे आमच्या भट्टीवरची पोर. तिचं खरं नाव कागदावर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून दुसऱ्याच कोणाला शोधते. हाडापेराने एवढीशी, पण सदा काहीतरी ओढत असते, रचत असते, म्हणून मुंगी. मी तिची बाई. भट्टीवर बालवाडी चालवते. बालवाडी म्हणजे एक पत्र्याची शेड, एक फळा, एकोणीस पोरं आणि मी. त्यांचे आईबाप पहाटेपासून माती तुडवतात, विटा पाडतात, भट्टी रचतात. तेवढा वेळ तीन ते सहा वर्षांची ही सगळी पिलावळ माझ्याकडे. मी शिकलेली सातवीपर्यंत. पण माझ्या शेडमधून गेलेलं एकही पोर शाळेतून परत आलेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगत होते. मुंगी परत आली, तोपर्यंत.

झालं असं की पहिलीत नाव घालायला तिची आई तिला घेऊन याच शाळेत आली होती. मी नव्हते, मला शेड सोडून येता आलं नाही. मोठ्या गुरुजींनी मुंगीसमोर ठोकळे ठेवले, पाटी ठेवली. ही आपली हात मागे बांधून ढिम्म. गुरुजींनी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं, 'मूल मंद वाटते, तपासणी व्हावी.' तो कागद पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी मुंगी मंद? जी पोर विटांच्या तुकड्यांची एवढीशी भट्टी रचते, आत जाळासाठी वाट सोडते, जी वाट कशी सोडायची ते कळायला तिच्या बापाला दोन हंगाम लागले, ती मंद?

पण कागद तो कागद. आज मॅडमनी तोच शेरा दिला, की मुंगीची रवानगी लांबच्या शहरात, खास मुलांच्या निवासी शाळेत. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती शाळा चांगलीच असेल, मी उगाच नावं ठेवत नाही. पण मुंगीने तिथे जाऊन काय करायचं? वर्षातून दोनदा आई भेटणार, तीही भट्टीने सोडली तर. आणि एकदा का पाच वर्षांच्या पोराच्या कपाळावर 'मंद' लिहिलं गेलं, की ते पुसायला कोण कशाला येतंय?

तर मी भिंतीला टेकून बसले होते. वर्ग रिकामा होता, मुलांना मैदानात सोडलेलं. एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या. मॅडमनी पिशवीतून लाकडी पेटी काढली आणि टेबलावर उपडी केली. आठ ठोकळे खडखड करत बाहेर पडले. विटेच्या आकाराचे, विटेसारखेच लाल.

"ह्याचा उंच मनोरा करून दाखव हं," मॅडम म्हणाल्या आणि हातातलं घड्याळ चालू केलं. आवाज गोड होता. बाई काही वाईट नव्हती, पंचविशीची असेल, डोळ्यांखाली काळं आलेलं, सकाळपासूनची तिची ही तिसरी शाळा होती.

मुंगीने हात मागे बांधले.

मला वाटलं, घाबरली. घेईल आता. ती ठोकळ्यांकडे बघत होती, हलत नव्हती. मॅडमनी दोन ठोकळे उचलून एकावर एक ठेवून दाखवले, पुन्हा मोडले. "असं. कर बरं." मुंगी तशीच. मी मनात म्हणत होते, अगं कर ना, मेले, कर ना! रोज तर नको नको म्हणेपर्यंत रचतेस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मॅडमच्या हातातलं पेन कागदाकडे वळलं.

तेव्हा मुंगीने मान फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही. माझ्या उजव्या हाताकडे. मांडीवर पडलेल्या माझ्या तळहाताकडे ती टक लावून बघत होती.

 ती का थांबली होती ते मला कळलं, आणि हेही कळलं की हे सगळं माझंच केलेलं आहे.

आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. लाकडी ठोकळे आमच्याकडे कुठले, विटांचे तुकडेच आमचे ठोकळे. आणि भट्टीतून निघालेली वीट मोठी फसवी असते. वरून राख बसलेली, दिसायला गार, आत मात्र दोन दोन दिवस ऊब धरून. मोठ्यांचे हात निबर झालेले, ते उचलतात म्हणजे थंड असं नाही. म्हणून माझा नियम असा: विटेसारखं काहीही समोर आलं, की हात मागे. बाई आपला उघडा तळहात त्यावर टेकवणार. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच म्हणेपर्यंत हात टिकला की बाई म्हणणार 'थंड', आणि मगच हात लावायचा. डोळ्यांना दिसलं तरी नाही, दुसऱ्याने उचललं तरी नाही, कोणी रागावलं तरी नाही.

हा नियम मी हौसेने नाही केला. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः घमेलं भरून तुकडे आणले आणि शेडमध्ये ओतले. घमेल्याला कड्या होत्या, माझा हात तुकड्यांना लागलाच नव्हता. "घ्या रे पोरांनो," म्हटलं. मुंगीची थोरली बहीण सगळ्यांत पुढे. तिने दोन्ही हातांनी एक अर्धी वीट उचलली. आज तिच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकींना चिकटलेली आहेत. त्या दिवशी मुंगी दोन वर्षांची होती आणि माझ्या कडेवर होती.

बाकीची पोरं नियम पाळतात, पण पोरंच ती, शाळेत गेली की चार दिवसांत विसरतात. मुंगी विसरणार नव्हती. आणि मी रोज सवयीने हात टेकवत होते, त्यामुळे माझ्या हाताशिवाय ही पोर काय करेल, हा विचार मला तीन वर्षांत एकदाही शिवला नव्हता.

मी उठले. उठू नकोस, उठू नकोस असं स्वतःला बजावत उठले आणि टेबलापाशी जाऊन तळहात ठोकळ्यांवर ठेवला. "एक, दोन, तीन, चार, पाच. थंड!"

मुंगीचे हात पुढे आले. मॅडम "ताई!" म्हणेपर्यंत चार ठोकळे उभे, दोन आडवे, मध्ये जाळाची वाट आणि वर झाकण. चिमुकली भट्टी तयार.

"ताई, काय सांगितलं होतं मी तुम्हाला?"

"मॅडम, तिला येतंय! बघा की, डोळ्यांसमोर आहे!"

"दिसतंय मला." त्यांनी घड्याळ बंद केलं. "पण लिहू काय? बाईंनी हात लावल्यावर येतं, असं लिहू?"

मी मग सगळं सांगितलं. वीट, घमेलं, बहीण, नियम, सगळं एका दमात. त्या पेनचं टोपण दातांत धरून ऐकत होत्या. मी म्हटलं, "आता तुम्हीच हात टेकवा. पाच म्हणा. घेईल ती."

"नाही करता येत, ताई. ठोकळे रचून एकदा दाखवता येतात, त्यापलीकडे खुणेनेसुद्धा मदत करायची नाही. गेल्या महिन्यात एका मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मी नुसती मान हलवली, 'हो' म्हणून. सोबतच्यांनी ते वर सांगितलं. त्याची चाचणी रद्द झाली आणि पोराचं वर्ष गेलं." त्यांनी कपाळ चोळलं. "एक फेरचाचणी देता येते. आजच, अर्ध्या तासाने, पण सोबत कोणी नको. आठ ठोकळे, दोन मिनिटं. मनोरा जमला तर पुढचं घेईन. नाही जमला तर पुढचं घेताच येत नाही. एक वाजता जीप येते, फॉर्म तिच्यात टाकावे लागतात."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला जे दिसलं तेच लिहावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

बाहेर शाळेच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत मुंगीची आई बसली होती. अर्ध्या दिवसाचं काम शेजारणीच्या गळ्यात घालून आलेली, पायांवरची माती अजून तशीच. मी तिला काय झालं ते सांगितलं आणि आता काय करायचं तेही सांगितलं. मुंगीला सांगायचं, की आज नियम नाही. समोर येईल ते सरळ उचल.

तिचा चेहरा उतरला. "बाई, हे नका शिकवू तिला."

"अगं, मग काय करू?"

"संध्याकाळी ती परत भट्टीवरच येणार आहे ना? उद्या कोपऱ्यातली भट्टी उघडणार आहेत. आज तुम्ही म्हणणार सरळ उचल, आणि उद्या तिने सरळ उचललं तर?"

"उद्या मी पुन्हा सांगेन."

"पाच वर्षांच्या पोरीला? आज असं, उद्या तसं?" तिने मातीने भरलेली नखं पदराला पुसली. मग खाली बघत म्हणाली, "त्या शाळेत गेली तर निदान हात शाबूत राहतील तिचे."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, तिचा नाही, माझाच आला, पण निघाला तिच्यावर. "हात शाबूत राहतील आणि पोर हातची जाईल! तिथे रात्री आई कुठाय म्हणून रडली तर कोण उठणार आहे? तुला चालेल ते?"

ती रडायला लागली. आवाज न करता. पाणी प्यायला आलेली दोन मुलं आमच्याकडे बघत उभी राहिली, मी त्यांच्यावर डोळे वटारले तशी पळाली. म्हटलं, बाई, शाब्बास, आता एवढंच राहिलं होतं. आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो. इकडे नियम मोडायचा तर पोरीचा हात जाईल, तिकडे नाही मोडायचा तर पोर जाईल. पंधरा मिनिटं गेली होती.

शेवटी तिच्या आईने डोळे पुसले. "तुम्हीच काय ते ठरवा, बाई," ती म्हणाली. "थोरलीच्या वेळीही मी तुम्हाला काही बोलले नव्हते."

नव्हतीच बोलली. तीन वर्षांत एक शब्द नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

मी मुंगीला टाकीच्या दुसऱ्या बाजूला नेलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"मुंगे, आता आत जायचं. एकटीने. त्या मॅडम पुन्हा ते लाल ठोकळे देतील. मनोरा करायचा, उंच. कळलं?"

"तुम्ही हात ठेवणार?"

"नाही. मी बाहेर असेन."

"मग आई ठेवणार?"

"कोणी नाही ठेवणार. तू सरळ उचलायचे."

तिने हात मागे बांधले. नुसतं ऐकूनच बांधले. "गरम असले तर?"

"नसतात. लाकडाचे आहेत ते."

"तुम्ही म्हणता, डोळ्यांना कळत नाही."

"आज कळतं."

"तुम्ही म्हणता, कोणी रागावलं तरी नाही लावायचा."

पोरीला माझाच नियम माझ्यापेक्षा पाठ. मी तिच्या फ्रॉकचं निसटलेलं बटण लावलं, लावलेलं पुन्हा काढून लावलं. "आज नियम नाही," मी म्हटलं. "त्या खोलीत नियम नसतो. सरळ उचलायचं, भराभर. बाई सांगताहेत ना?"

 तिने मान हलवली. मी तिला दारापर्यंत नेलं, मॅडमनी तिला आत घेतलं आणि दार लोटलं.

त्या वर्गाच्या खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथे पुठ्ठा लावलेला. पुठ्ठ्याच्या कडेला बोटभर फट. सांगायला लाज वाटते, पण मी तिथे डोळा लावला. मुंगीची आई माझ्या मागे उभी, माझा खांदा घट्ट धरून.

मॅडमनी पेटी उपडी केली. "उंच मनोरा कर." घड्याळ चालू.

मुंगी बसली. हात मागे.  एक, दोन, तीन असं मी मोजत होते. पंधरापर्यंत आले तेव्हा तिचा उजवा हात पुढे आला. सुटलो, म्हटलं.

तो हात ठोकळ्यावर आला आणि थांबला. लागला नाही. ठोकळ्याच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर, तळहात खाली करून हवेतच थांबला.

"काय करतेय?" तिची आई कुजबुजली.

"गप!"

मुंगीचे ओठ हलत होते. मग हात आणखी जरासा खाली आला. पुन्हा थांबला. मग एक बोट लागलं, झटकन मागे गेलं, पुन्हा लागलं. आणि तिने तो ठोकळा उचलून समोर ठेवला. एक ठोकळा! मी मोजत होते ते पस्तिसावर आलं होतं.

दुसऱ्या ठोकळ्यालाही तेच. हात हवेत, ओठ हलताहेत, मग बोट, मग उचलणं. अगं ए बाई, उचल ना! भराभर म्हटलं होतं ना मी! पुठ्ठा फाडून आत उडी मारावी असं झालं होतं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग मुंगीकडे, पण तोंड उघडलं नाही. तिसरा ठोकळा. पुन्हा हात हवेत. साठ झाले, सत्तर झाले. मागून तिच्या आईची नखं माझ्या खांद्यात रुतत होती. तीन ठोकळे आणि सत्तर सेकंद. दुसरी पोरं इतक्यात घर बांधून पाडून मोकळी होतात. माझ्या डोक्यात ती जीप उभी राहिली, तिचं मागचं फळकूट उघडं आणि आत फॉर्मचा गठ्ठा.

चौथ्या ठोकळ्याकडे हात गेला आणि मुंगी थांबली. हात मागे घेतला. मी डोळे मिटले. संपलं.

"बघा, बाई, बघा," तिची आई म्हणाली. ती माझ्या डोक्यावरून फटीत बघत होती.

मी पाहिलं. मुंगीने दोन्ही तळहात पसरले होते आणि उरलेल्या पाचही ठोकळ्यांवरून, न लावता, सावकाश फिरवत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग तिने ती रिकामी लाकडी पेटी पुढे ओढली, तिच्या आत हात घातला, तळाला तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. ओठ हलले. पाच झाले असावेत. आणि मग काय विचारता! चौथा, पाचवा, सहावा, एकावर एक, एकावर एक. सातवा. मनोरा जरा कलला, तिने गाल फुगवून श्वास धरला, बोटाने खालचा ठोकळा सरळ केला आणि आठवा वर ठेवला. माझं मोजणं एकशे बारावर होतं.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. "वा," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून मण्यांची डबी काढली.

पुढचं मी पाहिलं नाही. मी भिंतीला टेकून खालीच बसले. दहा-बारा मिनिटांनी दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, हातात कागद. "मणी ओवले. पाटीवर गोल काढला, घर काढलं, घराला दोन दारं काढली. दोन कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, एकातून जाळ आत जातो, दुसऱ्यातून धूर बाहेर." त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. "पहिलीत घाला, ताई. मी तसंच लिहिलंय."

मुंगीच्या आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मॅडम दारातून मागे वळल्या. "एक विचारू? हात वर धरून बघायचं, पेटीलाही हात लावून बघायचं, हे तुम्ही शिकवलंत का तिला? आत्ता, अर्ध्या तासात?"

 "नाही," मी म्हटलं. "मी नाही शिकवलं."

एक वाजता जीप आली आणि आम्ही तिघी पायी निघालो. मुंगीची आई पुढे, जवळजवळ पळतच, शेजारणीला सांगायची घाई. मुंगी माझ्या बाजूला. रस्त्याच्या कडेला दगड दिसला की हात वर धरायची, मग उचलायची, मग फेकून द्यायची.  शेवटी मला राहवेना.

"मुंगे, मी तुला काय सांगितलं होतं? सरळ उचलायचं म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग हात वर धरून का बसलीस? मला वाटलं, आता वेळ संपला."

तिने आणखी एका दगडावर हात धरून पाहिलं. "तुम्ही खोटं बोललात ना, बाई?"

मी थांबले. "कशावरून गं?"

"नियम सांगताना तुम्ही माझ्याकडे बघता. आज तुम्ही बटणाकडे बघत होतात." ती अगदी साधेपणाने म्हणाली, रागावली वगैरे नव्हती. "मग मीच बघितलं. गरम असतं ना, ते लावायच्या आधीच कळतं. हाताला लांबूनच लागतं. थोडं थांबलं की कळतंच. आणि पेटी आतून गार होती, म्हणजे त्यातले सगळेच गार."

तीन वर्षं मी एकोणीस पोरांना माझ्या हाताची वाट बघायला शिकवलं होतं. त्यांचा हात त्यांनाही काही सांगू शकतो, हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना विटेच्या जवळ जाऊ द्यावं लागलं असतं, आणि ते बघायची माझी छाती नव्हती. भीती माझी होती. मी त्या भीतीचा नियम केला आणि पोरांच्या अंगात घातला.

"हो," मी म्हटलं. "खोटं बोलले."

मुंगीने थोडा विचार केला. मग आपला धुळीने भरलेला हात माझ्या हातात दिला. "बरं. पण पुन्हा नका बोलू."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि तिथेच, भर रस्त्यात, मला रडू फुटलं. पुढे गेलेली तिची आई धावत मागे आली. काय झालं, काय झालं, असं विचारत राहिली, आणि आज तीन वर्षांनी मी तिच्या थोरल्या मुलीचं नाव घेतलं आणि तिची माफी मागितली.